अक्षयाचा अंगठा आणि गुरुवारचं सत्य

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळाची धुरा वाहणाऱ्या माननीय प्रमोदिनीताई. प्रतिपक्षातून येऊनही व्यासपीठावर निर्धास्तपणे दुसरा पेढा घेणारे स्वोर्ड्स गावच्या संघाचे गौरव. सत्कारमूर्ती आणि आपल्या फ्लॅग फुटबॉल संघाचे कोच प्रल्हादराव हर्डीकर. आपला नवरा पाच वर्षं दर शनिवारी आम्हाला वापरायला देणाऱ्या भार्गवीवहिनी. आणि डंडॉकच्या आयरिश थंडीत वेळेवर येऊन मंडळाची परंपरा मोडणारे श्रोतेहो,

प्रल्हादराव लिमरिकला चालले आहेत. गाडीने तीन तास. एवढ्या अंतरासाठी शाल आणि श्रीफळ देणारं मंडळ पृथ्वीवर दुसरं नसावं. पण दुसरं काही द्यायला आपल्याजवळ नाही, कारण जे खरं द्यायचं ते त्यांनीच आपल्याला दिलंय. ते टेबलावर ठेवलंय. मुलांनी कपाला हात लावू नये, पेढ्याचे डाग पडतात.

भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी थोडा खुलासा. हा खेळ अमेरिकन फुटबॉलचा सौम्य भाऊ. कमरेला फिती लावतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत ओढली की डाव थांबतो. चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा आणि फेकणारा तो क्वार्टरबॅक. तो नसला तर बाकीचे नुसते पळतात. आमची क्वार्टरबॅक अक्षया. इथे शिकायला आली, इथेच नोकरीला लागली, आणि मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला चेंडू अलगद ठेवते.

मी मंडळाच्या बातमीपत्राचा वार्ताहर. दर गुरुवारी संध्याकाळी कोचना फोन करून विचारायचं, शनिवारी कोण खेळणार, कोण जखमी. आमचा संवाद ठरलेला.

"प्रल्हादराव, अक्षयाचा खांदा कसा आहे?"

"ग्रँड आहे हो."

"म्हणजे खेळणार?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग नाही खेळणार?"

"तसंही म्हटलं नाही. नरेशराव, लिहा, शनिवारी सकाळी बघू."

पाठशाळेत आमच्या शास्त्रीबुवांनी सत्तेचे, म्हणजे असण्याचे, तीन प्रकार शिकवले होते : पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. प्रल्हादरावांनी चौथा शोधला, गुरुवारचा. त्यात खांदा दुखतही असतो आणि नसतोही. जो धडधाकट तो 'शंकास्पद', जो लंगडतो तो 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत. का? कारण आपलं बातमीपत्र स्वोर्ड्समध्ये गौरव वाचतो आणि त्यांच्या आयरिश कोचना भाषांतर करून सांगतो. मराठी वाङ्मयाचा इतका निष्ठावान वाचक मला दुसरा लाभलेला नाही. मान कशाला हलवतोस गौरव, खरं आहे ते.

कोच मंडळी अशा बाबतीत खरं बोलतात का, असा प्रश्न जगभर विचारला जातो. मी पाच वर्षं जवळून पाहिलंय. नाही बोलत. बोलावं अशी अपेक्षाही कुणी करत नाही.

पण एक गुरुवार मला सांगितलाच पाहिजे, कारण त्या बातमीखाली माझं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी आपल्या मिश्र संघातल्या ओजसचा गुडघा दुखत होता. प्रल्हादराव म्हणाले, ग्रँड आहे. मी छापलं. ते स्वोर्ड्सने वाचलं, आणि ओजसनेही वाचलं. कोच म्हणतात तर असेन बरा, असं म्हणून तो उतरला आणि उत्तरार्धात मैदानात बसला तो उठलाच नाही. शस्त्रक्रिया झाली, नऊ महिने गेले. आज तो गुणफलक सांभाळतो. त्या नऊ महिन्यांत दर मंगळवारी त्याला व्यायामासाठी ड्रोहेडाला कोण नेत होतं, हे प्रल्हादरावांनी कधी सांगितलं नाही. ओजसने सांगितलं.

आता यंदाची फायनल. समोर स्वोर्ड्स, ज्यांच्याकडून आपण तीन फायनली हरलो होतो. मंगळवारच्या सरावात अक्षयाच्या उजव्या अंगठ्यावर चेंडू बसला. एक्स-रेत बारीक चीर निघाली. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सहा आठवडे फेकायचं नाही म्हणाले.

गुरुवारी दुपारी ती प्रल्हादरावांच्या घरी गेली. भार्गवीवहिनी साक्षीदार आहेत.

"काका, टेप लावून खेळते. तीनदा हरलोय आपण."

"चहा घे."

"निदान 'बघू' तरी लिहायला सांगा ना. स्वोर्ड्सवाले घाबरतील."

"चहा घे, अक्षया."

संध्याकाळी मी सवयीने फोन केला. पलीकडून आवाज आला, "लिहा. अंगठ्याला चीर आहे. अक्षया खेळणार नाही."

मी म्हटलं, "पुढे, शनिवारी सकाळी बघू?"

"नको. तिथे पूर्णविराम द्या."

मी दिला. पाच वर्षांतला पहिला.

स्वोर्ड्समध्ये काय झालं ते गौरवनेच मला नंतर सांगितलं. त्याने बातमी दोनदा वाचली आणि कोचना सांगितलं, "हा माणूस 'नाही' म्हणतोय, म्हणजे ती नक्की खेळणार." पाच वर्षांचा पुरावा त्याच्याकडे होता. अनुमान निर्दोष होतं, फक्त निष्कर्ष चुकला.

शनिवारी अक्षया संघाच्या कपड्यांत, वर जाड जॅकेट घालून कडेला उभी, उजवा हात खिशात. तो खिशात घाल असं तिला कुणी सांगितलं, हे मी आजच्या मंगल प्रसंगी विचारणार नाही. थंडी होती, एवढंच नोंदवतो.

क्वार्टरबॅक म्हणून उतरल्या आपल्या सुलेखाताई. वय त्रेचाळीस. पंक्तीत वरण वाढावं तसा चेंडू टाकतात, जवळच्या पानात आणि न सांडता. त्या कमरेची फीत पुन्हा पुन्हा घट्ट करत होत्या. कडेवरून त्यांचा मुलगा ओरडला, "मम्मी, यू आर ग्रँड, जस्ट थ्रो इट!"

आणि स्वोर्ड्सचे रक्षक? ते मैदानाच्या पार टोकाला. आत्ता जॅकेट निघेल, आत्ता अक्षया येईल आणि लांब फेकेल, म्हणून डोळे लावून बसलेले. त्यांच्यासमोर मोकळ्या जागेत सुलेखाताई चार पावलांवर चेंडू वाढत राहिल्या. चार पावलं, पुन्हा चार पावलं. मध्यंतरानंतरही त्यांचा विश्वास बसेना. शेवटच्या मिनिटाला सुलेखाताईंनी गुणरेषेवर पोचलेल्या आपल्या रोहितच्या हातात जवळपास प्रसादासारखा चेंडू ठेवला. वीस विरुद्ध एकोणीस. ओजसने फलकावर वीस लिहिलं आणि खडू मोडला.

कप घेऊन परतताना मी प्रल्हादरावांना विचारलं, "खरं बोलून फसवायची युक्ती केव्हा सुचली?"

ते गाडी चालवत होते. म्हणाले, "युक्ती कसली. मी 'बघू' म्हटलं असतं ना, तर शनिवारी ती टेप बांधून आली असती. ती पण वाचते तुमचं बातमीपत्र."

मंडळी, पाच वर्षं मी समजत होतो की माझा महत्त्वाचा वाचक स्वोर्ड्समध्ये राहतो.

अक्षयाची पट्टी गेल्या सोमवारी निघाली. तो हात वर कर बघू, अक्षया. हा. बघून घे गौरव, भाषांतर करायला नको.

प्रमोदिनीताई घड्याळ दाखवत आहेत. या सभागृहासाठी, चहासाठी आणि तुमच्या सहनशीलतेसाठी मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचा गुडघा किंवा खांदा अनवधानाने चव्हाट्यावर आला असेल, तर उदार मनाने पोटात घाला.

जाता जाता पुढच्या मोसमाची पहिली बातमी इथेच वाचून दाखवतो. काल गुरुवार होता, म्हणून विचारून घेतली. "प्रल्हाद हर्डीकर नव्या मोसमात उपलब्ध नाहीत." पूर्णविराम त्यांनीच द्यायला सांगितला.

मी दिलेला नाही. लिमरिक तीनच तासांवर आहे. शनिवारी सकाळी बघू.