भोपळ्या आणि दहा श्वास

जनावरांच्या दवाखान्यात मांडीवर मांजराची टोपली घेऊन बसलेल्या बाईंनी डोळे मिटले होते, पण कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथं एका काकांचा आडदांड कुत्रा बाकाखाली दडी मारून बसला होता, आणि सशाचं औषध न्यायला आलेली एक मुलगी वाकून त्याला बघत होती.

"काका, हा भोपळ्याच ना? परीक्षेआधी आमच्या कॉलेजात येतो तो?"

"तोच. घाबरलेल्या पोरांना शांत करतो, आणि इथं बघ! एका इंजेक्शनसाठी साहेबांची पाचावर धारण बसलीये."

"कसला थरथरतोय हो! माझ्या तोंडी परीक्षेला किती ढिम्म पडून होता. मी तर घरी पळायच्या बेतात होते."

"मग त्याच्या पोटावर हात ठेवून दहा श्वास मोजलेस ना? सगळ्यांना तेच सांगतो मी."

"हो. मी खाली बसू त्याच्याजवळ?"

"बस की. पण तो बाहेर यायचा नाही... अरेच्चा, आला! अगं, त्याचं डोकं पोटावर कशाला घेतेस? केसच केस होतील."

"होऊ देत. आज त्यानं माझे श्वास मोजायचे."

"त्याला कुठे दहापर्यंत येतंय!"

"मला तरी कुठे आलं होतं? तिसऱ्यालाच रडू फुटलं. नाकडोळे सगळे त्याच्याच कानाला पुसले."

"चला, भोपळ्याला आत आणा!" आतून हाक आली.

"आधी माझं मांजर घ्या," टोपलीवाल्या बाई उठत म्हणाल्या. "त्यांचं मोजून व्हायचंय अजून."