उखळातलं खजुराचं लाडू

आता लाडवाचा विषय निघालाय तर सखूच्या लग्नाचं ऐका. सत्तरच्या पुढची सालं असतील. माझ्या धाकट्या बहिणीचं, सखूचं, कुठंच जमत न्हवतं. शेवटी राहू गावचं पावणं बघाया यायचं ठरलं. यायचं हुतं दुपारी, आलं सकाळच्याच यष्टीनं. घरात गोडधोड काय न्हाई, आन् चूल पेटवून करायला वेळबी न्हाई.

माझी बायको म्हणाली, "खजूर हाय, भाजलेलं शेंगदाणं हायती. उखळात कुटून लाडू वळते."

नवऱ्या मुलाच्या बापानं आख्खा लाडू तोंडात टाकला, आन् त्यांच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. बायकोनं कपाळावर हात मारला. आदल्या दिशी त्याच उखळात मिरच्या कुटल्या हुत्या, आन् घाईत उखळ पुसायचं राहिलं हुतं.

सखू दाराआड रडकुंडीला आली. आमचं वडील, आबा, हळूच म्हणालं, "पावणं, पोरगी सासरी निघताना आमी रडायचं असतंय. तुमी आत्ताच कशापायी रडताय?"

पावण्यांनी उपरण्यानं डोळं पुसलं, घटाघटा पाणी प्यालं आन् म्हणालं, "आता पोरगी न्यावीच लागंल, आबा. न्हाईतर माझं रडणं वाया जायचं!"