हयातीचा दाखला

अध्यक्ष : ...तर लिहा, बाई. ‘यंदा एकही उमेदवार पात्र न ठरल्याने विज्ञान सन्मान राखून ठेवण्यात येत आहे.’

लेखनिक बाई : सलग सातवं वर्ष, सर. मागचाच ठराव काढते, साल तेवढं बदलते.

अध्यक्ष : टोमणा मारताय?

बाई : छे हो. टायपिंग वाचतं. पण एक फाईल राहिलीय.

अध्यक्ष : काचेच्या कांडीची ना? ती दर वर्षी येते, कुणीतरी जुनाच अर्ज पाठवत असतं. न उघडता कपाटात टाकायची.

बाई : यंदा उघडली. वजन टांगलेली काच किती वाकत जाते, त्याची रोजची मापं आहेत. सव्वीस वर्षांची.

अध्यक्ष : वीस. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. मी स्वतः पोचवून आलोय तिला.

बाई : मीही आले होते की. पण मापं आज सकाळपर्यंतची आहेत. अक्षर वहिनींचंच.

अध्यक्ष : कांडी आमच्या मागच्या खोलीत आहे. खोलीला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

बाई : शेवटची नोंद वाचू? ‘सकाळी सहा. हे अजून झोपलेत. घोरणं वाढलंय. कांडी थरथरत होती, माप दोनदा घ्यावं लागलं.’

अध्यक्ष : (खिसा चाचपत) कुणीतरी चेष्टा करतंय.

बाई : असेल. तुम्ही घोरता हे आणखी कुणाला ठाऊक आहे?

अध्यक्ष : बाई!

बाई : सन्मान पहिल्यांदा राखून ठेवलात, त्या वर्षी त्या एकट्याच पात्र होत्या, सर. तुमच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

अध्यक्ष : आणि लोकांनी काय म्हटलं असतं? अध्यक्षानं बायकोच्याच गळ्यात पदक घातलं?

बाई : लोक काहीच म्हणाले नाहीत. वहिनीही नाहीत.

अध्यक्ष : आता बोलून काय उपयोग? नियम बारा. उमेदवार हयात हवा.

बाई : हयातीचा दाखला जोडलाय. फोटोसकट. फक्त साक्षीदाराची सही बाकी आहे. ‘अर्जदार आज माझ्यासमक्ष हजर होत्या.’ खाली तुमचं नाव आहे.

अध्यक्ष : ...ही फाईल टपालानं आली ना?

बाई : दर वर्षी टपालानंच यायची. यंदा हातोहात आली.

अध्यक्ष : कुणी आणून दिली?

बाई : बाहेरच्या बाकावर बसल्यायत. आत या म्हटलं, तर म्हणाल्या, यांनी बोलावल्याशिवाय नको.

अध्यक्ष : दाराला कडी लावा.

बाई : आणि सही?

अध्यक्ष : लिहा. यंदा एकही उमेदवार पात्र नाही.

बाई : बरं. तुम्ही हेच सांगाल, असं म्हणाल्याच होत्या.

अध्यक्ष : आणखी काय म्हणाली?

बाई : म्हणाल्या, राहू दे. घरी बोलू.