तिसऱ्या पायरीवरचा कस्तुर

सन्माननीय अध्यक्षा आक्काताई, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सहकारी, विद्यार्थ्यांनो आणि आजच्या सत्कारमूर्ती राहीमावशी,

बत्तीस वर्षं या आष्ट्याच्या शाळेत शिपाई म्हणून राबून आज निवृत्त होणाऱ्या मावशींविषयी चार शब्द बोलायला मला सांगितलंय. मी विज्ञानाचा शिक्षक. चार शब्दांत माझं कधी भागलंय का? पण आज बोलायचंय ते माझ्याच अकलेविषयी.

आपल्या ध्वजस्तंभाच्या पायऱ्यांच्या दगडी कठड्यावर हिवाळ्यात एक निळा पक्षी बसतो. आठ वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी महाबळेश्वरला दोन दिवस राहिलो, शीळकरी कस्तुर ऐकला आणि पक्षितज्ज्ञ होऊनच घाट उतरलो. पुढच्या हिवाळ्यात कठड्याजवळ फलक लावला, 'शीळकरी कस्तुर'. खाली शोधकर्ता म्हणून माझं नाव, पक्ष्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत!

मावशी म्हणाल्या, "सर, ह्यो त्यो न्हाई. ह्यो शीळ कवा घालतोय? तुमचा त्यो पावसात गातोय म्हणता. ह्यो तर पाडव्यालाच जातोय."

मी सातवीच्या अख्ख्या वर्गासमोर म्हणालो, "मावशी, फडकं तुमचं, पक्षी माझा." पोरं हसली. मीही हसलो. मावशी हसल्या नाहीत.

गेल्या महिन्यात सांगलीहून पक्षी अभ्यासक क्रांतीताई आल्या. फलक वाचून त्यांना उगाचच खोकला आला. मग हळूच म्हणाल्या, "सर, हा निळा कस्तुर. उत्तरेकडून हिवाळ्यापुरता येतो, उघड्या दगडावर एकटाच बसतो. शीळकरी याच्याहून मोठा, ओढ्याकाठच्या सावलीतला, कपाळावर चकाकता निळा पट्टा असलेला. हा इथे नेमका कधी येतो, कधी जातो?"

तज्ज्ञ, म्हणजे मी, फलकावरची धूळ झटकू लागलो. बोलल्या मावशी. "मी रोज सकाळी त्येची घाण पुसते की! तिसरी पायरी, उजवा कोपरा. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू हुतं, पाडव्याला थांबतं. लय वर्सं झाली, जागा बदलली न्हाई."

क्रांतीताईंनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. माझा एक शब्दही घेतला नाही, आणि शहाणपणाच केला.

मावशी, त्या दिवशीच्या हसण्याची मला लाज वाटते. अपमान वर्गासमोर केला, म्हणून माफी भरसभेत मागतो. कालच फलक नव्यानं रंगवून घेतलाय, 'निळा कस्तुर. निरीक्षण : राहीबाई.' रंगाऱ्यानं दोनदा विचारलं, "सर, तुमचं नाव ऱ्हायलं न्हवं?" म्हटलं, राहू दे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही चुकलं असेल तर पोटात घाला, चुकण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. आणि मावशी, पाडव्याला अजून तीन आठवडे आहेत. उद्यापासून ती पायरी मी पुसेन. फडकं तेवढं ठेवून जा.