वेळेचा रकाना

हो हो, आहे लक्षात — मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं आणि तुम्ही मधे बोलायचं नाही. मी अडलो तरी नाही. ‘ताई, आता कुठं दाबू?’ म्हणून विचारलं तरी तुम्ही म्हणणार, ‘मी इथं नाहीच असं समजा, काका.’ सहावी खेप आहे ही, पाठ झालंय मला. पहिल्या वेळी मात्र मनात म्हटलं, ही कसली सरकारी बाई — समोरचा गटांगळ्या खातोय आणि ही काठावर बसून वहीत लिहितेय! मग कळलं, तेच तुमचं काम. घरात माणूस गेलं की त्याची नोंद करायची असते, तो फॉर्म सरकारनं फोनवर आणला, आणि लोक त्यात कुठं कुठं ठेचकाळतात ते तुम्ही घरोघरी बघत फिरता. शेजारची शिंपीण मला म्हणाली, ‘काय हो रंगारीकाका, म्हातारपणी शिकवणी लावलीत?’ मी म्हटलं, बाई गं, शिकवणी नाही आणि परीक्षाही माझी नाही — परीक्षा फॉर्मची. मी अडलो की तो नापास. तिला काही पटलं नाही. दुसरीत शाळा सुटलेला माणूस सरकारचा फॉर्म नापास करतो, हे कुणाला पटेल?

तर आजचं वेगळं काय म्हणालात — आजचा खरा आहे. महिना-दीड महिना झाला, सगळ्यांसाठी चालू झालाय. तो मी माझ्या स्वतःच्या फोनवर करायचा, जसा एकटा असताना करीन तसा, आणि शेवटच्या बटणापाशी थांबायचं. कारण आधी पाच वेळा आपण जे भरलं ते संध्याकाळी तुम्ही पुसून टाकत होता, आणि हे पुसलं जायचं नाही. बरोबर? — बरं, बरं, नका सांगू.

पहिलं पान. नोंद करणारा कोण — मी. नाव आपोआप येतंय. पूर्वी हे अक्षर अक्षर टाईप करावं लागायचं, आणि माझी बोटं ही अशी, चाळीस वर्षं ब्रश धरून जाडी झालेली, एक दाबलं की तीन उमटायची. ते तुम्ही बदललंत. चांगलं केलंत. पुढचं पान. घाई करत नाही हं मी, आमच्या धंद्यात घाई चालत नाही — पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही, नाहीतर पापुद्रे सुटतात. मयताशी नातं — पती. मयताचं नाव — हां. हे.

हसू येतं बघा. म्हणजे यायचं. पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात, ‘काका, कुठलंही खोटं नाव घाला, खोटी जन्मतारीख घाला,’ आणि मी तिथंच रुतलो. वीस मिनिटं! जो जन्मलाच नाही त्याला मारायचं कसं? तुम्ही वहीची दोन पानं भरलीत, अवाक्षर काढलं नाहीत. शेवटी तुमच्या काकूच हात पुसत आतून आल्या — ‘अहो, माझं नाव घाला की! कार्ड ड्रॉवरमधे आहे, सगळं जिथल्या तिथं मिळेल, त्या पोरीला किती ताटकळत ठेवाल?’ तुम्ही नको नको म्हणालात. ती म्हणाली, ‘त्याला काय होतंय, लिहिलं म्हणून कुणी मरतं का?’ झालं, तेव्हापासून पाचही वेळा तिचंच नाव. मी कारणाच्या यादीत म्हातारपण निवडलं तर केवढी उसळली! ‘म्हातारपण? मी तुमच्याहून सहा वर्षांनी लहान आहे. मरायचंच आहे तर जरा ऐटीत तरी मरू द्या मला.’ मग दुसऱ्या वेळी अपघात, तिसऱ्या वेळी सर्पदंश — चौथ्या मजल्यावर सर्पदंश! तुम्ही तोंडावर वही धरून हसत होता, तेव्हा मी म्हटलं, ‘ताई, तुम्ही इथं नाही आहात.’ आणि बटण दाबलं रे दाबलं की ही ओरडायची, ‘झालं का, मेले मी? मग आजचा चहा तुमच्याकडे!’

जन्मतारीख — आली तीही आपोआप, कार्डाचा नंबर घातला की येते. ठिकाण — घर. कारण — यादी उघडली. आज सर्पदंश नको. हृदयविकार. वरून चौथा. थांबा हं जरा. नाही, अडलो नाही, ‘अडला’ म्हणून लिहू नका. बोट कोरडं पडलंय, लागत नाही काचेला. — लागलं.

तारीख. इथं बोटानं पान मागं सारायचं. मागचा महिना — मंगळवार — हा. आज धरून तीस दिवस. तीस दिवसांच्या आत केलं तर घरबसल्या होतं, नाहीतर मग मोठ्या कचेरीत दोन साक्षीदार घेऊन उभं राहायचं. हे मला तुमच्या फॉर्मनंच शिकवलं, पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं असतं. आता डॉक्टरांचा दाखला, त्याचा फोटो. आपण कोऱ्या कागदाचा काढायचो, आठवतं? आज कोरा नको. ड्रॉवर उघडतो — हा बघा, सही आहे, शिक्का आहे. खिडकीपाशी असा तिरका धरला की सावली पडत नाही. निघाला. स्वच्छ निघाला.

पेन पडलं तुमचं. असू द्या. नका उठू. बसा, ताई — बसा म्हणतो ना. मला पाणीबिणी काही नको. मघाशी दारात तुम्ही विचारलंत, काकू कुठायत, आणि मी म्हटलं, आत येऊन बसा आधी. एवढंच. तुमचा फोन आला तेव्हाच सांगायला हवं होतं, कळतंय मला. पण सांगितलं असतं तर तुम्ही फोनवरच हळहळला असता, काळजी घ्या म्हणाला असता आणि आला नसता. आणि मला तर कुणीतरी समोर बसलेलं हवं होतं. तीस दिवसांत अकरा वेळा उघडलाय मी हा फॉर्म. येतो सगळा, तुम्हीच शिकवलाय — म्हणजे न शिकवता शिकवलाय. लेक रोज विचारायची, ‘बाबा, नोंद केलीत ना?’ लांब असते ती, कामावरनं चार दिवसांची सुट्टी मिळाली, आली, रडली, सगळं आवरलं, गेली. जाताना म्हणत होती, मी करून टाकते. मी म्हटलं, छे, तू कशाला, मी पाच वेळा केलंय — वाईट वाटलं तिला ते, उगाच बोललो. आणि पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगून मोकळा झालो, हो, केली नोंद.

का नाही केली? शिंपिणीला वाटतं मी मनात धरून बसलोय, बटण दाबलं की ती कायमची जाईल म्हणून. तसलं काही नाही हो. ती गेलीय ते मला माहितेय. एवढंसं घर, कळल्याशिवाय राहतंय का? मी रडलोही नाही अजून. लेक म्हणाली, ‘बाबा, रडा एकदा, मोकळे व्हा,’ मी म्हटलं बरं — पण येत नाही तर काय करू? आतनं कुणीतरी, भिंतीच्या भेगांत भरतात तशी लांबी भरून, घासून सपाट करून ठेवल्यासारखं झालंय. सकाळी उठतो, दात घासतो, खाली जाऊन दूध आणतो, तेवढंच आणतो जेवढं पूर्वी आणायचो, मग ते नासतं, मग ते ओततो. वाईट वाटत नाही, ओततो. मला त्याचं काही नाही. मी अडलोय ते दुसरीकडेच.

हे इथं. हा रकाना. मृत्यूची वेळ. आधी पाचही वेळा हा नव्हता — नव्हता ना? नुसती तारीख असायची. रिकामा ठेवून पुढं जातो म्हटलं तर खाली लाल ओळ येते. ‘अंदाजे’ असं काही नाही, ‘माहीत नाही’ असंही नाही. तास निवडा, मिनिटं निवडा. डॉक्टरांच्या दाखल्यावर नुसतं ‘दुपारी’ आहे. अकराही वेळा मी इथंच येऊन मागं फिरलोय. आता लिहा, आता खुशाल लिहा — इथं अडला.

त्या दिवशी मी जिन्याच्या कठड्याला रंग देत होतो. शिंपिणीनं आठवडाभर पिच्छा पुरवला होता, काका, मुलांचे हात गंजानं भरतात म्हणून. शेवटचा हात मारला आणि चारला वर आलो. चार नक्की, पलीकडची शाळा सुटली होती, घंटा ऐकली मी. ही खुर्चीत बसलेली, मान कलती, मांडीवर माझा सदरा, सुई तशीच कापडात टोचलेली. मला वाटलं डोळा लागला. दुपारचा लागायचाच तिचा. मी आवाज न करता हात धुतले, चहा ठेवला, तिचा कप झाकला आणि शेजारी बसून बोलायला लागलो. झोपेतही ती ऐकायची हो — मी लांबण लावलं की डोळे मिटून पडायची आणि मधेच एकदम म्हणायची, ‘हे तीनदा सांगून झालंय.’ म्हणून मी बोलत राहिलो. कठडा किती गंजलाय ते सांगितलं. शिंपिणीला हिरवा हवा होता, डब्यात उरलेला राखाडी होता, त्यावरनं झालेली तू-तू मैं-मैं सांगितली. गुडघा दुखतोय म्हणालो. ‘ती फॉर्मवाली पोरगी परत आली तर या खेपेला कशानं मरणार आहेस?’ — असंही विचारलं मी. अर्धा तास. साडेचार झाले, चहा गार व्हायला लागला म्हणून उठवायला हात लावला.

हे मी कुणाला बोललेलो नाही. लेकीला सांगितलंय, मी जिन्यात होतो, वर आलो तर ही अशी.

तर आता चार लिहू की साडेचार? चार लिहिलं तर मी दारात पाऊल ठेवायच्या आधीच ती गेलेली. मग माझ्याकडे काही बोट येत नाही, धावाधाव केली असती तरी काही झालं नसतं — फक्त अर्धा तास मी भिंतीशी बोलत बसलो होतो. आणि साडेचार लिहिलं तर ती होती, ऐकत होती, आणि मी शेजारी बसून फुर्र फुर्र चहा पीत होतो आणि ती चालली होती. मी डॉक्टरांना विचारलं, नेमकं कधी हो? ते म्हणाले, ‘काका, आता त्यानं काय फरक पडतो?’ त्यांना नसेल पडत. फॉर्मला पडतो ना.

तुम्ही सांगा. — नाही, खरंच सांगा. इतकी घरं बघितलीत तुम्ही, इतकी माणसं या पानावर बसलेली बघितलीत. पोरी, एकदा तरी सांग की गं. मी काही कुणाला सांगणार नाही की तू सांगितलंस.

नाही. बरोबर आहे तुमचं. ते तुमचं काम नाही. डोळे पुसा आधी, ती समोर ओढणी आहे तुमची, तिनं पुसा.

साडेचार. साडेचारच घालतो. येऊ दे माझ्याकडे बोट. मी काय, अजून चार-पाच वर्षं वाहायचंय, वाहीन. पण भिंतीशी नव्हतो बोलत मी. ऐकत होती ती. — चार. तीस. गेली लाल ओळ.

आणि हे शेवटचं बटण. थांबायचं होतं इथं, माहितेय. हात बाजूला घ्या, ताई.

गेलं.

नंबर आला बघा, भला मोठा. ‘नोंद झाली आहे, धन्यवाद.’ आणि त्याच्याखाली — हे काय? ‘आपला अनुभव कसा होता?’ आणि पाच चांदण्या, हव्या तेवढ्या रंगवा. हे तुम्ही घातलंत इथं? नाही नाही, रागावलो नाही. पण वहीत लिहून न्या, एवढं काढा म्हणावं. बाकी सोपा झालाय फॉर्म. आधीपेक्षा पुष्कळ सोपा.

चला, निघा तुम्ही. चहाचं विचारत नाही. मला लेकीला फोन करायचाय — मी जिन्यात नव्हतो, हे आधी तिला सांगायला हवं होतं, सांगून बसलो तुम्हाला. ते तेवढं वहीत ठेवू नका. लिहिलं असेल तर खोडा. इथंच खोडा, माझ्यासमोर. — हां. या आता. दार ओढून घ्या.