एक लाख एक बेलपानं

...आणि वर आमचे जावई म्हणतात काय, "मामा, भाग जातो!" आता तुमीच सांगा, आत पोरगी कळा सोसायलीय, आपण सगळे या बाकड्यावर जीव मुठीत धरून बसलोत, आन् माझ्या डोक्यात काय? भाग जातो! जरा सरका, तुम्हाला सांगतो.

माझी लेक शिवकन्या पहिलटकरीण. तिची आई, वैजयंती, गेल्या वर्षी अशाच एका दवाखान्यात आत गेली ती... असू द्या. म्हणून माझी थोरली बहीण, बसम्माअक्का, महादेवाला बेलाची लाखोली बोलली. एक लाख पानं, वर एक. वरचं एक कशाला? आहेरात आपण शंभरावर एक ठेवतो ना, त्याच्यासाठीच. अक्का म्हणती, "पुरा आकडा मोडतो रे कल्याण. वर एक असला की तुकडे न्हाई होत." सगळं झरी गाव बेल तोडायला लागलं, झाडं भुंडी झाली! आज सकाळी शेवटचं पान वाहिलं, मी हात जोडले, आणि आमचे जावई मंगेशराव, गणिताचे मास्तर, हळूच म्हणतात, "मामा, एक लाख एकला अकरानं भाग जातो. नऊ हजार एक्याण्णव. बाकी शून्य."

बाकी शून्य! दिवस भरलेल्या पोरीच्या घरात असं बोलतात का हो? भाग जातो म्हणजे काय?

"मग न मोडणारा आकडा सांगा की!" अक्का कडाडली.

मंगेशराव ओट्यावरच आकडेमोड करत बसले. घाम पुसत म्हणतात, "आत्या, आणखी दोन वाहा. एक लाख तीन. मूळ संख्या. तीनशे सोळापर्यंत सगळं तपासलं, पुढं बघायची गरज नाही. तिला फक्त एकानं आणि स्वतःनंच भाग जातो."

"म्हणजे एकटीच?" मी विचारलं.

"अगदी एकटी, मामा."

अहो, असली संख्या आमच्या घरात वर्षभरापासून एक आहेच की! अजून कशाला? भाग गेला तरी भीती, न गेला तरी भीती... तरी दोन पानं वाहिली. काय करता!

तर अक्कानं एक बेल उचलला, मंगेशरावांच्या नाकासमोर धरला. "जावईबापू, याला पानं किती?"

"तीन."

"मंग? तीन पानं म्हणल्यावर?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. "तीन लाख नऊ... अंकांची बेरीज बारा... मामा, तीननं भाग जातो. कितीही बेल वाहा, जाणारच."

"लय शिकलात!" अक्का म्हणाली.

तेवढ्यात आतून शिवकन्या, आवाज हुबेहूब आईचा, "बाबा, भागाकार झाला असंल तर गाडी काढा. मला कळा यायल्यात!"

तिला इथं आणली, तेव्हापासून हे दार बंद. भाग जातो म्हणजे काय हो? मला एवढंच गणित पाहिजे, आत एक गेली, बाहेर दोघं येऊ दे. बाकी महादेवा, तुझा आकडा तू...

उघडलं! दार उघडलं! मी, मी वडील! सिस्टर, आधी ती कशी आहे सांगा!... काय? दोघी? दोघी बऱ्या आहेत? मुलगी?... अहो, मला धरा कुणीतरी... काय म्हणता सिस्टर, वजन? नको, नको, पाया पडतो, वजन मोठ्यानं सांगू नका, आमचे जावई इथंच... झालं! मांडला बघा भागाकार!