तिन्ही लॅपटॉपना कुंकू

सांगते काय, आठवडाभर माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. जळगावहून धुळ्याला येताना बसमधून लॅपटॉप चोरीला गेला, आणि त्यात ओवीचे जन्मापासूनचे चार वर्षांचे फोटो! दुसरी कॉपी नाही, कारण पेनड्राइव्ह खाचेत जातच नव्हता. दुरुस्त करू करू म्हणत राहिले. कसली आई मी!

आणि परवा धुळ्याच्या पोलीस ठाण्यातून फोन, चोर सापडला! ओवीला कडेवर घेऊन धावलेच. टेबलावर तीन लॅपटॉप. तिन्ही काळे, एकाच कंपनीचे, तिन्हींची बॅटरी संपलेली, चार्जर एकाचाही नाही. बिल माझ्याकडे कुठलं असायला?

"काही खूण सांगा, ताई," हवालदार भाऊ म्हणाले.

मी ऐटीत म्हटलं, "दसऱ्याला पूजा केली होती. बटणांच्या फटीत कुंकू असेल."

त्यांनी तिन्ही उघडले आणि हसायलाच लागले. "ताई, आठे तं बठ्ठास्ले कुंकू शे!"

सगळ्यांनाच कुंकू! माझं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात ओवीने मधल्यावर बोट ठेवलं. "हा आपला. याच्या तोंडात पोहे आहेत."

भाऊंनी पेनड्राइव्हच्या खाचेत टाचणी घातली. वाळका पोहा बाहेर आला. मग आणखी एक! मी किंचाळलेच.

"अगं, पोहे कशाला घातलेस?"

"तू पूजेला नुसता नैवेद्य दाखवलास, भरवलाच नाहीस. म्हणून मी भरवला."

मी भाऊंची नजर चुकवली. ओवी मात्र त्यांच्याकडेच वळली. "काका, या दोघांना कोणीच जेवायला देत नाही का?"